एका वाक्यात दोन भाषा: शिवण कुठे दाखवायची, कुठे लपवायची

दोन-तीन भाषा मिसळून लिहायचं कसं हे विचारणारे मला दोन प्रकारचे भेटतात. काही म्हणतात की माझी पात्रं प्रत्यक्षात तीन भाषांत बोलणारी आहेत, मग कागदावर आल्याआल्या ती शुद्ध मराठी कशी काय बोलायला लागतील, आणि काही जण घाबरलेले असतात, की असं लिहिलं तर भाषा बिघडवली म्हणून नावं ठेवतील लोक. दोघांनाही मी आधी एकच सांगते. लिहायला बसायच्या आधी ठरवा की दोन भाषांमधली शिवण वाचणाऱ्याला दिसायला हवीय का लपायला हवीय. हे ठरलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि हे न ठरवता लिहिलेलं सगळ्यात वाईट वाचलं जातं कारण त्यात अर्धं लपलेलं असतं आणि अर्धं उघडं पडलेलं.

ही शिवणीची गोष्ट जुनी आहे. केरळात संस्कृत आणि मल्याळम मिसळून काव्य लिहायची मोठी परंपरा होती, तिला मणिप्रवाळम म्हणतात, प्रवाळ म्हणजे पोवळं. चौदाव्या शतकात लीलातिलकम नावाचा ग्रंथ झाला, तो या मिश्र भाषेचं व्याकरणच सांगतो, आणि त्यात या नावाची जी फोड आहे ती मला फार आवडते. मणी म्हणजे इथे माणिक घ्यायचं, मोती नाही, कारण माणिक लाल आणि पोवळंही लाल, एका दोऱ्यात ओवले की कुठला कुठला ते चटकन कळत नाही. मोती आणि पोवळं ओवलं तर पांढरं-तांबडं वेगळं दिसत राहील. म्हणजे दोन्ही भाषांतले शब्द असे निवडायचे की त्यांचा रंग जुळेल. ही झाली लपलेली शिवण.

आता दुसरं टोक बघा. इटलीत तेओफिलो फोलेंगो नावाचा बेनेडिक्टाइन साधू होता, त्याने १५१७ साली टोपणनावाने एक लांबलचक विनोदी काव्य छापलं, त्यात इटालियन आणि गावच्या बोलीतले शब्द घेऊन त्यांना लॅटिनचे प्रत्यय लावले आणि वर लॅटिन महाकाव्याचं वृत्त चढवलं. ऐकायला भारदस्त लॅटिन, आत गावरान शब्द, आणि हसू त्या विजोडपणातूनच येणार. असल्या लेखनाला मॅकरोनिक म्हणतात, आणि फोलेंगोने स्वतःच सांगून ठेवलंय की हे नाव पीठ, चीज आणि लोणी एकत्र मळून केलेल्या जाड्याभरड्या पदार्थावरून आलंय. तिथे शिवण लपवली असती तर सगळी मजाच गेली असती.

मला स्वतःला पहिली वाट जास्त जवळची वाटते, पण काही ठिकाणी दुसरीशिवाय इलाज नसतो, ते पुढे येईलच.

ठरवलंत? मग आता सांगाडा. कितीही भाषा मिसळा, वाक्याचा सांगाडा एकाच भाषेचा ठेवा. कॅरोल मायर्स-स्कॉटन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पूर्व आफ्रिकेत स्वाहिली आणि इंग्रजी मिसळून बोलणाऱ्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि १९९३ मध्ये हेच मांडलं, की मिश्र वाक्यात एक भाषा चौकट पुरवते, म्हणजे शब्दांचा क्रम, प्रत्यय, विभक्ती वगैरे, आणि दुसरी त्या चौकटीत शब्द पुरवते. मराठीत हे ताडून बघायला काहीच लागत नाही. ‘मॅनेजरने मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन कॅन्सल केलं’ यातले चार मुख्य शब्द इंग्रजी आहेत तरी वाक्य मराठीच आहे, कारण ‘ने’, ‘मध्ये’, ‘केलं’ ही हाडं मराठी आहेत. जगात याला अपवाद वाटाव्यात अशा भाषाही आहेत, कॅनडातल्या मेती लोकांच्या मिचिफ भाषेत क्रियापदं क्री या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेची आणि नामं फ्रेंच, तीही आपली फ्रेंच लिंगं सांभाळून, पण तशी भाषा एका अख्ख्या समाजाने पिढ्यांमध्ये घडवलेली असते, एकट्याने कागदावर बसून ती होत नाही. त्यामुळे सांगाडा एकच.

सांगाडा मराठी असेल तर मराठीपुरती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सामान्यरूप. आलेला शब्द प्रत्यय लागताना वाकतो का ताठ राहतो, यावरून तो मराठीत किती मुरलाय ते कळतं. दुकान, जमीन, खुर्ची, कागद हे फारसी-अरबीतून आलेले, पण आपण दुकानात, जमिनीवर, खुर्चीत, कागदाला असंच म्हणतो, त्यांचं परकेपण कुणाला जाणवतही नाही. बँक इंग्रजी, पण बँकेत. टेबल दोन्हीकडे आहे, टेबलावर आणि टेबलवर. ऑफिसात आणि ऑफिसमध्ये. फायलीत आणि फाईलमध्ये, आणि अनेकवचनात फायली आणि फाईल्स. लिंक मात्र ताठच आहे, लिंकेवर क्लिक कर असं मी कुणाच्या तोंडून अजून ऐकलं नाही, लिंकवरच म्हणतात.

ही बारीकशी गोष्ट लिहिणाऱ्याच्या हातात आली ना की पात्राचं वय, शिक्षण, घर हे सगळं एका प्रत्ययात सांगता येतं. ‘मी सायकलीवरून ऑफिसात जायचो, फायली घरी आणायचो’ असं म्हणणारा माणूस आणि ‘मी सायकलवरून ऑफिसमध्ये जायचो, फाईल्स घरी आणायचो’ असं म्हणणारा माणूस, शब्द तेच आहेत पण दोघांत एका पिढीचं अंतर पडलंय. ‘तो साठीतला होता’ हे वेगळं सांगायची गरज राहत नाही. मी कुणाचं मिश्र भाषेतलं लेखन वाचते तेव्हा आधी हेच बघते, की एकाच पात्राच्या तोंडी एकदा टेबलावर आणि एकदा टेबलवर असं कारणाशिवाय येतंय का, आणि बहुतेक वेळा येतंच.

लिंगाचंही असंच. इंग्रजी नामाला लिंग नसतं, मराठीत आल्यावर ते घ्यावंच लागतं, नाहीतर क्रियापद कुठल्या रूपात लिहायचं? बऱ्याचदा आपण जवळच्या मराठी शब्दाचं लिंग उसनं देतो, गाडी ती म्हणून बस ती, पिशवी ती म्हणून बॅग ती. काही शब्दांवर एकमत नाही, पेन कुणी तो म्हणतं कुणी ते, ईमेल तोही आणि तीही, स्क्रीनचं तसंच. यात बरोबर-चूक करत बसू नका, पात्रागणिक एक ठरवा आणि पाळा. आणि दोन पात्रं एकाच वस्तूला वेगळं लिंग देत असतील तर तो फरक जपून ठेवा, तो खरा आहे, संपादक सारखं करायला सांगेल तरी सोडू नका.

क्रियापदं. इंग्रजी क्रियापद मराठीत आलं की जवळजवळ नेहमी करणे नाहीतर होणे धरून येतं, डाउनलोड करणे, सेव्ह होणे, कॅन्सल करणे. फारसी-अरबीतून आलेले काही शब्द मात्र इतके आत शिरले की त्यांची थेट मराठी क्रियापदं झाली, बदलणे हे अरबी बदलवरून, फर्मावणे हे फारसीतून. इंग्रजीबाबत हे आत्ता कुठे सुरू होतंय, लोक ‘गुगलून बघ’ असं लिहितात ते मला मनापासून आवडतं, कारण तिथे शब्द नुसता पाहुणा म्हणून बसलेला नाही, त्याला मराठी धातूसारखं चालवलंय. पण असं प्रत्येक शब्दाचं करू नका, एका परिच्छेदात असे तीन आले की वाचणारा गोष्ट सोडून शब्दांकडे बघायला लागतो. आणि एक चाळणी लावाच: ‘फॉर्म फिल केला’ लिहिताना थांबून स्वतःला विचारा की या पात्राच्या जिभेवर आधी ‘भरला’ आलं असतं का. आलं असतं तर ‘भरला’च लिहा. मिश्रण बोलणाऱ्या माणसाचं असावं, लिहिणाऱ्याच्या कंटाळ्याचं नसावं.

आता भाषा नेमकी कुठे बदलायची. लोकांना वाटतं की मिसळून बोलणं म्हणजे कसंही कुठेही उडी मारणं, तसं अजिबात नसतं. शाना पॉपलॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन लोकांचं स्पॅनिश-इंग्रजी बोलणं अभ्यासून १९८० मध्ये दाखवलं की दोन्ही भाषांचा शब्दक्रम जिथे जुळतो तिथेच बोलणारे भाषा बदलतात, आणि शब्द आणि त्याचा प्रत्यय यांच्या मध्ये सहसा बदलत नाहीत, तो शब्द त्या दुसऱ्या भाषेत मुरलेला असेल तरच बदलतात. अजून एक निघालं, वाक्याच्या पोटात भाषा बदलणं हे दोन्ही भाषा चांगल्या येणाऱ्यांमध्ये जास्त दिसलं, कच्च्या लोकांमध्ये नाही. म्हणजे ‘धड एकही भाषा येत नाही म्हणून मिसळतात’ हा जो शेरा ऐकून ऐकून बरेच जण लिहायचं सोडून देतात तो निदान तिथे तरी खोटा ठरला, आणि हे प्रत्येक घाबरलेल्या लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

मराठी-इंग्रजीत सांधा कुठे जुळतो? विशेषण आणि नाम यांच्यात जुळतो, दोन्हीकडे विशेषण आधीच येतं, म्हणून ‘नवीन लॅपटॉप’ आणि ‘बोअरिंग माणूस’ दोन्ही चालतात. ‘की’ नंतर जुळतो, ‘तो म्हणाला की आय डोन्ट केअर’, कारण तिथे नवं वाक्यच सुरू होतं. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणजे’ या शब्दांपाशी जुळतो. जुळत नाही तो घरात आणि इन द हाऊस यांच्यात, आपला प्रत्यय मागून लागतो आणि त्यांचा शब्द पुढे येतो, म्हणून ‘इन घर’ असं कुणीही म्हणत नाही आणि तुम्हीही कुणाच्या तोंडी घालू नका. ज्या शब्दगटाची आतली रचना आपल्यात बसत नाही तो फोडायचा नाही, अख्खाच उचलायचा. ‘ऑफ द रेकॉर्ड सांगतो’, ‘बाय द वे, ती आली होती’, हे असेच सबंध आलेत. फारसीतलं ‘नूर-ए-नजर’, म्हणजे नजरेचा प्रकाश, तसंच, त्याचं सामान उलट्या क्रमाने लावलंय म्हणून ते सोडवत बसायचं नाही.

हे सगळं तंत्र झालं. पण भाषा का बदलली याचं उत्तर नसेल तर तंत्र असून काही होत नाही, आणि मला वाटतं खरी कसोटी इथेच आहे.

सगळ्यात सरळ कारण म्हणजे बोलणारा बदलला. एकनाथांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड घ्या, सोळाव्या शतकातलं, त्यात हिंदू मराठीत बोलतो आणि तुर्क त्याच्या हिंदुस्थानीत, दोघं वाद घालतात, एकमेकांना बोलही लावतात आणि शेवटी समेटावर येतात. दोघांनाही मराठीत बोलायला लावलं असतं तर भांडण मिटल्याचं मोल कमी झालं असतं, कारण मग दुसरा माणूस खरा दुसरा राहिलाच नसता. आणि भाषा वेगळी ठेवूनही दोघांना सारखीच अक्कल दिलीय, हे विशेष लक्षात घ्या. आजही कितीतरी लेखनात वेगळ्या भाषेत किंवा बोलीत बोलणारं पात्र फक्त हसवायला आणलेलं असतं आणि शहाणं बोलणारे सगळे प्रमाण भाषेत बोलतात, ते मला वाचवत नाही. तुमच्या गोष्टीत दुसरी भाषा आली की बघा, त्या भाषेत एक तरी शहाणपणाचं, दुःखाचं किंवा प्रेमाचं वाक्य आहे ना? नसेल तर पात्र परत लिहा.

तशीच एक सुंदर रीत अंदालुस म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमध्ये होती. अरबी किंवा हिब्रू कविता चालू असायची आणि शेवटच्या ओळी अचानक बोलीभाषेत, बोली अरबीत किंवा तिथल्या रोमान्स म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या बोलीत यायच्या, त्या ओळींना खर्जा म्हणतात. पुष्कळदा त्या एखाद्या मुलीच्या तोंडी असायच्या, प्रियकराबद्दल आईजवळ वगैरे बोलताना. लिपी अरबी किंवा हिब्रू असल्यामुळे आतली रोमान्स भाषा कितीतरी काळ नीट उलगडली नव्हती, सॅम्युएल स्टर्न या अभ्यासकांनी १९४८ मध्ये ती वाचून दाखवली. लिहिणाऱ्यासाठी यात मोठी शिकवण आहे, भाषा सारखी बदलत राहण्याऐवजी एकदाच, बरोबर शेवटी बदलली, तर त्या एका बदलाने दार उघडल्यासारखं होतं. आख्खी गोष्ट मराठीत आणि शेवटचं एकच वाक्य आजीच्या माहेरच्या भाषेत, करून बघा.

दुसरं कारण भावना. माणूस चिडला, घाबरला, बाळाशी बोलला की लहानपणच्या भाषेवर येतो असं आपण सरसकट धरतो, आणि ते बरेचदा खरंही असतं, पण उलटंही तितकंच खरं आहे. मराठी माणूस ‘सॉरी’ किती सहज म्हणतो आणि ‘मला माफ कर’ म्हणताना त्याचा घसा किती दाटतो हे आठवून बघा. ‘आय लव्ह यू’ म्हणता येतं, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणताना अवघडायला होतं, शब्द खूप उघडे वाटतात. म्हणजे परकी भाषा पडद्यासारखी वापरली जाते, जे आपल्या भाषेत जड जाईल ते तिच्याआडून बोलता येतं. मला आठवतं, एका आजारी माणसाजवळ बसलेले सगळे नातेवाईक आजाराचं नाव इंग्रजीतच घेत होते, मराठी नाव सगळ्यांना माहीत असून एकानेही घेतलं नाही. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला पात्राने भाषा कधी बदलायची ते वेगळं शिकवावं लागत नाही. तुमच्या गोष्टीत एक माणूस वीस पानं ‘सॉरी, सॉरी’ करत असेल आणि एकविसाव्या पानावर ‘चुकलो मी’ म्हणाला, तर त्या दोन शब्दांवर पुढचं काही समजावून सांगायला लागत नाही.

वाचणाऱ्याला दुसरी भाषा येत नसेल तर? कंसात अर्थ देऊ नका, तळटीपही शक्यतो नको, वाचणारा गोष्टीतून बाहेर पडतो. उत्तर देणाऱ्या पात्राकडून अर्थ काढून घ्या. ‘हेगिद्दीरा?’ त्यांनी विचारलं. ‘मी मजेत, तुमचा गुडघा काय म्हणतोय?’ एवढ्यावर कन्नड न येणाऱ्यालाही कळलं की तब्येत विचारली. कृतीतूनही देता येतो, दुसऱ्याने लगेच उठून खिडकी लावली म्हणजे काय म्हटलं असेल ते समजतंच. आणि काही वाक्यांचा अर्थ कळूच नये असं असेल, पात्रालाही तो कळत नसेल, तर वाचणाऱ्यालाही त्याच्यासारखंच बाहेर उभं राहू द्या. फक्त ती भाषा ज्याची आहे अशा एका माणसाला ते वाक्य दाखवून घ्या, आदरार्थी रूप, वय, नातं यात हमखास चुका होतात आणि त्या भाषेच्या वाचकाला त्या टोचतात.

आता एकेका शब्दाबद्दल. मराठीत दोन भाषांचे जोडशब्द पायलीला पन्नास आहेत आणि ते बघितले की नवे कसे घडवायचे ते कळतं. कागदपत्र यात कागद फारसीतून आणि पत्र संस्कृत, धनदौलत यात धन संस्कृत आणि दौलत अरबी, दोन्हीत तोच अर्थ दोनदा म्हटलाय, जवळपास राहणाऱ्या दोन भाषांचे लोक एकमेकांना समजावत असल्यासारखा. जिल्हाधिकारी यात अरबी जिल्हा आणि संस्कृत अधिकारी, छापखान्यात छाप इथला आणि खाना फारसी, दरवर्षी, बेसावध, गैरसमज, चवदार, दादागिरी, सगळे असेच. नवा शब्द करायचा तर हेच जिवंत प्रत्यय घ्या, पण प्रत्येकाची वृत्ती वेगळी आहे ती ओळखून. ‘दार’ हा प्रत्यय लावला की बहुधा कौतुक होतं, चवदार, डौलदार, पाणीदार. बाज लावलं की थोडं व्यसन किंवा नाद, नखरेबाज, चैनबाज, म्हणून ‘फोटोबाज’ लगेच समजतो. खोर सरळसरळ वाईटच, भांडखोर, लाचखोर. गिरी आज बहुतेक हिणवायला येतं, चमचेगिरी, दादागिरी, पण कामगिरी मात्र मानाची, तेव्हा कान लावून ठरवा. पणा कुठेही बसतो, स्मार्टपणा, बोअरपणा. आणि दोन शब्द कापून एक करायचा असेल, मिंग्लिशसारखा, तर ज्याचा आवाज दोघांत सारखा आहे तिथेच कापा, नाहीतर शब्द तोंडात फिरत नाही.

लेखनाचं थोडं. इंग्रजी शब्दांत इ-ई चा गोंधळ होतो, मोबाइल का मोबाईल, काहीही घ्या पण पूर्ण लेखात एकच. हिंदी वाक्य असेल तर हिंदीसारखंच लिहा, ‘नहीं’ वरचा अनुस्वार, ‘पानी’ चा न, हे जपा. पण पात्र मराठी माणसाची हिंदी बोलत असेल, ‘मेरेको’ वाली, तर तीच हिंदी शेवटपर्यंत ठेवा, मध्येच तिला सुधारू नका. शिवण लपवायची असेल तर परक्या शब्दांना तिरकं टाइप किंवा अवतरणचिन्हं अजिबात नकोत, ती चिन्हं म्हणजे बोट दाखवणंच झालं. आणि टाइप करणाऱ्यांसाठी एक, ॲप, ॲडमिशन यातला ॲ दोन तऱ्हेने टाइप होतो, अ वर वेगळा चंद्र देऊन किंवा ॲ हे एकच अक्षर घेऊन, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दिसायला दोन्ही सारखेच दिसतात पण शोधताना संगणक त्यांना वेगळे धरू शकतो, त्यामुळे निम्मे शब्द सापडतात आणि निम्मे राहून जातात. हस्तलिखित पुढे पाठवण्याआधी सगळीकडे एकच करून घ्या आणि मग एकेका पात्राचे संवाद वेगळे काढून मोठ्याने वाचा, दुसऱ्या कुणाचे मध्ये न येऊ देता.